मार्गे दाभोळ

निवास डुबल, वाहतूक नियंत्रक, कराड आगार.
एकतीस वर्षं जाळीच्या खिडकीमागून
त्यांनी गावांची नावं घेतली,
बार्शी, बेळगाव, बोरिवली,
आणि स्वतः पुण्याच्या पुढे गेले
दोनदा. दोन्ही वेळा मयतीला.

निवृत्तीनंतर अप्पांना एकच काम.
जुन्या वेळापत्रकांच्या कोऱ्या पाठीवर
दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाची
गाडी लावून देणं.

माणूस कराडचाच. आगाशिवच्या डोंगरात
लेणी खोदायला कुणीतरी पैसे घातले असतील,
त्यातला एखादा. नाव कुठं सापडेना
म्हणून अप्पांनीच ठेवलं, सामिल.
धंदा कापडाचा, जोडीला मिरी.
वय पस्तीस. गुडघे चांगले.
प्रश्न एवढाच,
जगातली ती सात आश्चर्यं
या गड्याला एका जन्मात
बघता आली असती का.

‘मार्गशीर्षात निघायचं,’ निळी पेन्सिल चालते,
‘कुंभार्ली उतरून दाभोळ. तिथनं गलबत.
ईशान्येचा वारा चुकला की वर्ष गेलं,
मागनं दुसरी गाडी नाही.’
मग समुद्र, मग उंटावरनं वाळवंट,
मग नाईलचा उतार.
पिरॅमिड, मुक्काम दोन दिवस.
(‘ते तेव्हाही जुनंच होतं गं.
आपल्याला सामिल जेवढा लांब
त्याहून लांब त्याला ते.’)
दीपस्तंभ, शक्यतो रात्री पोचावे.
देवीचं देऊळ, राजाची कबर, हस्तिदंताचा देव,
एक होडी सोडायची, दुसरी धरायची,
जेवण ज्याचं त्यानं.

बागेपाशी पेन्सिल थांबते.
झुलती बाग होती की नव्हती
यावर जाणत्यांचंच जुळत नाही.
अप्पा रकान्यात लिहितात ‘रद्द’.
चहा पितात. खोडतात.
‘चौकशी करावी.’

राहिला बंदरावरचा तो ब्राँझचा पुतळा.
उभा होता जेमतेम पन्नास-पंचावन्न वर्षं,
भूकंपात गुडघ्यातनं मोडला.
इथं अप्पा जरा गप्प होतात.
कोयनेच्या भूकंपाला ते सात वर्षांचे,
पाटणला, मामाकडे, पहाटेच्या झोपेत.
उभ्याचं आडवं व्हायला किती वेळ लागतो
हे त्यांना वेळापत्रकाशिवाय माहीत आहे.

म्हणजे सातही एकदम उभी
असली तर तेवढ्याच वर्षांत,
आणि सामिल त्यानंतरचा, दोनशे वर्षांनी तरी.
कितीही वेळेवर पोचला असता
तरी पुतळा त्याला आडवाच भेटता.

‘मग हुकलंच की,’ मी म्हटलं.
अप्पांनी जाळीतनं बघावं तसं बघितलं.
‘गाडी गेली म्हणून माणूस
लगेच स्टँड सोडत नाही.
बसतो जरा. मोकळा फलाट बघतो.’
‘त्याला काय बघणं म्हणायचं?’
‘एकतीस वर्षं मी दुसरं काय केलं?’

गुरुवारी जखिणवाडीकडनं डोंगर चढलो.
खाली ऊस, ऊस, मध्येच हायवे,
आणि अप्पा दर वळणाला थांबून
सामिलचे गुडघे कसे असतील ते बोलत.
म्हटलं, आता हे म्हणणार,
कृष्णा-कोयनेचा संगम हेच आपलं आठवं आश्चर्य.
नाही म्हणाले. बरं वाटलं.

लेण्यात गारवा, वटवाघळांचा वास,
अंधारात दगडी स्तूप.
‘त्या पडक्या पुतळ्याचा नुसता अंगठा
एका माणसाच्या कवेत मावत नव्हता म्हणे.’
आणि चपला बाहेर काढून,
कुणी येत नाही ना ते बघून,
माझ्या बापानं स्तूपाला मिठी मारली.
हात पुरले नाहीत.
‘हां,’ दगडाला गाल लावून म्हणाले,
‘असा असणार.
तू पलीकडनं ये.’

गेले. दगड वाटला होता त्याहून गार.
उजवीकडे त्यांची बोटं सापडली,
डावीकडे नाही.